गिटारचा उजवा हात

भिवापूरचे नाव निघाले की लोकांना मिरची आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला मिरचीविषयी बोलावयाचे नाही. आमच्या तालुक्यात, आणि मला वाटते सगळ्याच ग्रामीण भागात, गेल्या काही वर्षांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. घराच्या ओसरीवर अकरावी-बारावीचा एखादा मुलगा किंवा मुलगी मांडीवर गिटार घेऊन बसलेली असते. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो, आणि त्या मोबाईलच्या पडद्यावर कोणी परगावचा, पुष्कळदा परदेशचा, शिक्षक गिटार वाजवून दाखवत असतो. घरातली वडील मंडळी म्हणतात, "काय ट्यांव ट्यांव लावले आहे!" मुलगा म्हणतो, "शिकतो आहे." तीन महिन्यांनी पाहावे तर गिटार खुंटीला आणि मुलगा क्रिकेटला. असे का होते, आणि होऊ नये म्हणून काय करता येईल, एवढाच आजचा विषय आहे. मी संगीताचा अध्यापक नव्हे, महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण भजनाच्या बैठकीत बसणारा माणूस आहे आणि या मुलांचे हात मी जवळून पाहिले आहेत.

प्रथम वाद्याविषयी दोन शब्द. जुन्या श्रोत्यांना गिटार म्हटले की मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवून वाजवायची हवाईन गिटार आठवेल. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना तिच्यावर वाजवीत. मुलांच्या हातात आज जी दिसते ती स्पॅनिश गिटार. ती छातीशी धरतात. सहा तारा असतात. डाव्या हाताची बोटे दांडीवर तारा दाबतात आणि उजवा हात पोकळ पेटीवरच्या तारा छेडतो. (डावखुऱ्यांनी हे उलट समजावे.) डाव्या हाताने दोनतीन तारा ठराविक जागी दाबल्या की जे स्वर एकत्र उमटतात त्याला कॉर्ड म्हणतात. उजवा हात सगळ्या तारांवरून एका लयीत खाली-वर फिरवणे याला स्ट्रमिंग म्हणतात. गाणाऱ्याला साथ करावयाची तर हे स्ट्रमिंगच मुख्य. आपल्याकडे पेटी आणि तबला मिळून जे काम करतात, ते पुष्कळसे ही एकटी गिटार करते. डाव्या हाती पेटी आणि उजव्या हाती तबला, असे म्हणावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल, हे परके वाद्य आपल्याला कशाला? तर पेटी तरी कुठे आपली होती? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मलेली ती पेटी आज हनुमानाच्या देवळात भजनाला बसते आणि तिला कोणी परकी म्हणत नाही. गंमत अशी की ज्या संस्थेच्या ध्वनिक्षेपकासमोर मी हे बोलतो आहे, तिनेच १९४० साली पेटीला आपले दार बंद केले होते, आणि ते १९७१ पर्यंत काही उघडले नाही. गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र पेटी सोडली नाही. तेव्हा वाद्य कोणत्या देशाचे हा प्रश्न आपण बाजूस ठेवू. ते नीट वाजते की नाही, हा खरा प्रश्न.

आता हा पडद्यावरचा शिक्षक आला कोठून? यूट्यूब २००५ साली निघाले. त्याच्याही आधी, २००३ पासून, मूळ टास्मानियाचा जस्टिन सँडरको नावाचा गिटारवादक संगणकावरून गिटारचे मोफत धडे देऊ लागला होता, आणि जगभर त्याचे विद्यार्थी झाले. पुढे हजारोंनी असे धडे निघाले. हिंदीत निघाले, मराठीतही निघाले. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा ते धडे खेड्यापर्यंत पोहोचले. पूर्वी गिटार शिकावयाची तर भिवापूरच्या मुलाला नागपूर गाठावे लागे. जाण्यायेण्यात दिवस जाई, आणि फी वेगळी. आज तोच धडा अंगणात मिळतो. ही काही लहान गोष्ट नव्हे. शिवाय या शिक्षकाजवळ एक गुण असा आहे की तो कंटाळत नाही. एकच गोष्ट चाळीस वेळा दाखवा म्हटले तर चाळीस वेळा दाखवील. त्याची गती निम्मी करता येते, पाऊण करता येते, पाहिजे तेथे थांबवता येते. असा सोशिक गुरू प्रत्यक्षात मिळणे कठीणच.

पण त्याच्यात एक उणीव आहे, आणि ती मोठी आहे. तो दाखवतो, सांगतो, पण तुमचे ऐकत नाही. तुम्ही चुकत असलात तरी तो हसतमुखाने "छान, आता पुढे जाऊ" असे म्हणतो. (हाच दोष रेडिओलाही आहे हे मला ठाऊक आहे. मीही तुमचे ऐकू शकत नाही.) डाव्या हाताची चूक डोळ्यांना दिसते. बोट चुकीच्या तारेवर आहे हे पडद्याशी ताडून पाहता येते. उजव्या हाताची चूक मात्र लयीची असते, आणि लय डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळते. ज्याचे सगळे लक्ष बोटांकडे लागलेले असते, त्याच्या स्वतःच्या कानाला तर ती मुळीच कळत नाही. म्हणून पडद्यावरून शिकलेल्या मुलांचा डावा हात पुष्कळदा बरा असतो आणि उजवा कच्चा राहतो. मग गाणे म्हणू गेले की ते अडखळते, मुलाला वाटते आपल्याला ही विद्या येणारच नाही, आणि गिटार खुंटीला जाते.

ही चूक नेमकी कोठे होते ते जरा खोलात जाऊन पाहू. नवशिक्यांना जवळजवळ सगळीकडे जो पहिला प्रकार शिकवतात, तो पडद्यावर बाणांनी दाखवलेला असतो : खाली, खाली-वर, वर-खाली-वर. सहा आघात, सहा बाण. मुलगा ते पाठ करतो. आता या सहांतला तिसरा आघात वर आहे आणि चौथाही वरच आहे. एकदा वर गेलेला हात लगेच पुन्हा वर कसा जाईल? मधे तो खाली आलाच पाहिजे. तो येतो, पण तारांना न लागता, हवेतून येतो. बाण फक्त वाजणाऱ्या आघातांचे असतात, न वाजणाऱ्या फेरीचा बाण पुष्कळ धड्यांत नसतोच. शिक्षकाचा हात इतका सवयीचा असतो की ती रिकामी फेरी कशी झाली हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मुलगा काय करतो? तिसऱ्या आघातानंतर हात वरच थांबवतो, अंदाजाने थोडा वेळ जाऊ देतो, मग कसाबसा हात खाली सरकवून चौथा आघात मारतो. हा अंदाजाचा वेळ दर वेळी निराळा. येथे लय मोडते.

म्हणजे स्ट्रमिंगचे मर्म आघातांत नाही, हाताच्या न थांबणाऱ्या फेरीत आहे. हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे सारखा खाली-वर होत राहावयाचा. त्याने कधी तारांना शिवावे, कधी शिवू नये, पण थांबू मात्र नये.

हे ऐकताच भजनी मंडळींना ओळखीचे काही तरी वाटले असेल. वाटलेच पाहिजे. केरवा घ्या. केरव्याच्या आठ मात्रा : धा गे ना ति, न क धि न. चार-चारांचे दोन भाग. पहिल्या मात्रेवर सम, तेथे टाळी. पाचव्या मात्रेवर टाळी नाही, हात नुसता हवेत हलवावयाचा. संगीताच्या पुस्तकांत या रिकाम्या जागेला काल म्हणतात, खाली असेही म्हणतात. पण आपल्या या विषयात 'खाली' म्हणजे हाताची दिशा, तेव्हा घोटाळा नको म्हणून मी काल हाच शब्द वापरतो. आता गिटारचा तो प्रकार या आठ मात्रांवर बसवून पाहा. विषम मात्रांना हात खाली येतो, सम मात्रांना वर जातो. पहिली मात्रा धा : खाली, तारा वाजवा. दुसरी गे : वर, पण हवेतून. तिसरी ना : खाली, वाजवा. चौथी ति : वर, वाजवा. पाचवी न : हात खाली येईल, पण हवेतून. सहावी क : वर, वाजवा. सातवी धि : खाली, वाजवा. आठवी न : वर, वाजवा. की पुन्हा सम.

पाहिलेत? ज्या रिकाम्या फेरीपाशी आमचा मुलगा अडखळत होता ती बरोबर पाचव्या मात्रेवर, म्हणजे केरव्याच्या कालावर येते. तबलजीही तेथे डग्ग्याचा घुमारा बंद ठेवतो, आणि गिटारवाल्याचा हातही तेथे तारांना शिवत नाही. दोन निराळ्या देशांच्या वाद्यांचा असा मेळ बसावा हा योगायोग म्हणा, की माणसाच्या हाताचा स्वभावच तसा म्हणा. मला त्या वादात शिरावयाचे नाही. आपल्याला उपयोग एवढाच की जे पडद्यावरच्या बाणांनी कळत नाही, ते केरवा तोंडाने म्हणता येणाऱ्या पोराला पाच मिनिटांत कळते. आणि केरवा तर आपल्या गावांतल्या मुलांच्या कानांत लहानपणापासून आहे. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी घराघरांत पोहोचलेली आहे. भजनाच्या दिवशी खंजिरी वाजवणाऱ्याकडे नीट पाहा. आघात नसतो तेव्हाही त्याचा हात झुलत असतो, मेलेला नसतो. किंवा भजन सोडा, आमच्या येथे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बायका पाहा. तोंडाने गोष्टी चालतात, नजर पोराकडे असते, आणि हात आपला चालूच. त्या हाताला कोणी मोजून दिलेले नसते. गिटार वाजवणाऱ्याचा उजवा हात असा झाला पाहिजे.

तो तसा व्हावा कसा? येथे डेटाची गरज नाही, भिंतीवर टिकटिकणारे घड्याळ पुरे. सेकंदकाटा मिनिटाला साठ टोले देतो. गिटार हाती घ्यावी, पण डाव्या हाताने कॉर्ड दाबू नये. तळहात तारांवर अलगद ठेवून त्या मुक्या कराव्यात, म्हणजे स्वराची भानगड राहत नाही, नुसता खस् खस् आवाज येतो. प्रत्येक टोल्याला हात खाली, दोन टोल्यांच्या मधोमध हात वर. तोंडाने "एक नि, दोन नि, तीन नि, चार नि" म्हणावे. आकड्याला हात खाली, 'नि'ला वर. पहिले काही दिवस सगळे आघात वाजवावेत. हात स्थिर झाला की दुसरी नि पाचवी मात्रा गाळावी, म्हणजे 'एक'नंतरचा 'नि' आणि 'तीन' हा आकडा हवेतून जाऊ द्यावा. हालचाल मनगटातून व्हावी. कोपरापासून सगळा हात फेकला तर दहा मिनिटांत खांदा भरून येतो. पिक, म्हणजे तारा छेडण्याची ती प्लॅस्टिकची तिकोनी चकती, सुरुवातीला पातळ घ्यावी आणि सैल धरावी. घट्ट धरली की ती तारांत अडकते. हे सगळे दिसायला कंटाळवाणे आहे, आणि खरे सांगावयाचे तर आहेच. पण जो मुलगा आठ-पंधरा दिवस रोज दहा मिनिटे हे करील, त्याची गिटार खुंटीला जाण्याची भीती फार कमी.

दुसरी अडचण कॉर्ड बदलताना येते. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याने मोबाईलवरून चार कॉर्ड बसवल्या होत्या आणि एक भक्तिगीत तयार केले होते. शेजारी भजनी मंडळात तबला वाजवणारे एक वयस्क गृहस्थ राहतात. गिटार त्यांनी जन्मात हातात धरलेली नाही. ते थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "हात काऊन थांबते रे बाबू तुह्या?" पोरगा म्हणाला, "काकाजी, बोटं बदलवा लागते न!" त्यावर ते म्हणाले, "बोटं बदलव, पण थो हात काऊन थांबवतं?" मुलाने जे महिनोन्महिने पडद्यावर पाहिले होते, त्यातून त्याला हे उमगले नव्हते. पडद्यावरचा शिक्षक ते सांगत नव्हता असे नाही. पण मुलाचा हात थांबतो आहे हे त्याला ऐकू येत नव्हते, आणि काकाजींना आले. उपाय सोपा निघाला. डाव्या हाताची बोटे नव्या कॉर्डवर पोहोचोत वा न पोहोचोत, उजव्या हाताने आपली फेरी चालू ठेवावयाची. आठव्या मात्रेच्या वरच्या आघाताला बोटे उचललेली असली आणि मोकळ्या तारा वाजल्या तरी बिघडत नाही. चांगले वादकही तेथे सर्रास मोकळ्या तारा वाजू देतात. स्वर क्षणभर इकडचा तिकडे झाला तर श्रोता माफ करतो. लय तुटली तर बरोबर गाणारा माणूसच बुडतो.

अशा काकाजींची जागा पडदा घेऊ शकत नाही, हे मला शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विशेष सांगावयाचे आहे. पुष्कळ शाळांत संगीताचे शिक्षक नाहीत. मुले मोबाईलवरून शिकतात तर शिकू द्यावीत. परंतु शनिवारी अर्धा तास त्यांना कोणासमोर तरी वाजवावयास लावावे. ऐकणाऱ्याला गिटार यावयास पाहिजे असे मुळीच नाही. त्याला टाळी धरता आली पाहिजे, आणि टाळी सुटली की "सुटली" असे तोंडावर सांगता आले पाहिजे. गावात ढोलकीवाला असेल, खंजिरीवाला असेल, झाडीपट्टीच्या नाटकाला साथ करणारा कोणी असेल, त्याला शाळेत बोलवा. मानाचा एक चहा दिलात तरी तो आनंदाने येईल. आणि कोणीच न मिळाले तर? ज्या मोबाईलवर धडा पाहिला त्याच मोबाईलवर मुलाने आपले वाजवणे ध्वनिमुद्रित करावे, गिटार खाली ठेवावी आणि मग दुसऱ्या कोणाचे ऐकतो आहोत असे समजून, टाळी देत ऐकावे. वाजवताना न कळलेल्या चुका या वेळी कान स्वतः दाखवतो. धड्याबरोबर वाजवणे हीच तयारी, असे मात्र समजू नये. तेथे लय शिक्षकाची असते, आपण तिच्या खांद्यावर बसलेले असतो. आवाज बंद करून वाजवा, मग आपले पाय किती भक्कम ते कळेल.

गुरूवाचून विद्या येते का, हा वाद आपल्याकडे नवा नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांतून फिरून चिजा गोळा केल्या आणि स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. कागदावरून का कधी गाणे येते, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. पुस्तकावरून कोणी गवई झाला नसेल, पण ज्या चिजा कोणाच्या तरी पेटाऱ्यात बंद होत्या त्या खेड्यातल्या शिक्षकाच्या टेबलावर आल्या. पडद्यावरच्या धड्यांचेही तसेच आहे. पेटारा उघडला आहे. ऐकणारा कान मात्र आपल्यालाच गावात शोधावयाचा आहे.

केरवा बसल्यावर मुले साहजिकच दादऱ्याकडे वळतात, कारण निम्मी भावगीते त्यात असतात. तेथे एक सावधगिरी ठेवावी. दादऱ्याच्या मात्रा सहा, तीन-तीनांचे दोन भाग. एक खाली एक वर असा हिशेब येथे चौथ्या मात्रेला अडतो, कारण दुसऱ्या भागाची सुरुवात वरच्या आघातावर येते आणि ती उचलल्यासारखी वाटते. म्हणून सुरुवातीला सहाही मात्रांना खालीच आघात करावा. पहिल्या मात्रेला जोर, चौथीला त्याहून कमी, आणि बाकीच्या चार अगदी हलक्या. परदेशी धड्यांत तीन ठोक्यांचे जे प्रकार दाखवतात, त्यांत या सहांचे दोन-दोनांचे तीन गट पडतात. ते आपल्या दादऱ्यावर जसेच्या तसे चिकटवू नयेत. चाल ऐकावी, तोंडाने धा धिं ना, धा तिं ना म्हणावे, आणि त्यावर हात सोडावा.

शेवटी एक घरगुती सूचना. आमच्याकडचा मे महिना तुम्हांला ठाऊकच आहे. टिनाच्या छपराखालच्या खोलीत, किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार ठेवू नका. उष्णतेने सरस सैल होतो आणि तारांच्या ताणाने खालची घोडी उखडून येते. मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत, ओलीपासून दूर, कापडात गुंडाळून ठेवावी. महिनाभर वाजवावयाची नसेल तर तारा थोड्या उतरवाव्यात. आणि मिरची हाताळून आलात तर वाद्याला हात लावण्यापूर्वी हात साबणाने दोनदा धुवा. तारांनी आधीच हुळहुळलेल्या बोटांना तिखट लागले म्हणजे त्या दिवशीचा रियाज संपला म्हणून समजा.